गोमेसचं गाणं

सिप्रियानोकाकांनी खिशातून दाढीचं पातं काढलं आणि गाण्याच्या तबकडीच्या मध्यावर चिकटवलेला गोल कागद खरवडायला घेतला, तेव्हा सांकोचोच्या रश्श्याचं पातेलं नुकतंच चुलीवरून उतरलं होतं. त्या कागदावर एलादिओनं घोटीव अक्षरात लिहिलं होतं, ‘मार्सियानो साल्गादो आणि मंडळी’. आधी मंडळी गेली. मग साल्गादो गेला.

“थांब,” बाबा म्हणाले. “ते माझं नाव आहे.”

“म्हणूनच काढतोय, दादा,” काका म्हणाले आणि त्यांनी कागदाची भुकटी फुंकर मारून उडवली.

तेओफिला युका कंदाचे तुकडे वाढत होती. तिचा हात तिथंच थांबला. बाबा आणि काका भिडले की घरात बाजू पडायच्या, आणि त्या नेहमीच्याच असायच्या. आई बाबांकडून, तिचा थोरला भाऊ एलादिओ काकांकडून, आणि तेओफिला मधे पळी धरून उभी. पात्याची कल्पना आज काकांनी बाहेर काढली होती खरी, पण घर या पात्यापर्यंत येऊन पोचलं होतं ते तेओफिलाच्या चौकसपणामुळे.

लोंदोन्योसाहेबांकडून टेप परत आली तेव्हापासून हे सुरू झालं. मेदेयीनच्या एका रेकॉर्ड कंपनीत नवी गाणी निवडण्याचं काम ते करत. चर्चच्या मागच्या खोलीत, उसन्या यंत्रावर ध्वनिमुद्रित केलेली बाबांची गाणी एलादिओनं मोठ्या आशेनं त्यांना पाठवली होती. उत्तर आलं, आवाज चांगला आहे, पण भाषा कुठली? स्पॅनिशमध्ये गाणार असाल आणि सोबत एखादा अकॉर्डियन घेणार असाल तर पुन्हा बघू.

भाषा पालेंकेची होती. बाबांच्या गावची, आणि बारानकियात आलेल्या सगळ्या पालेंकेवाल्यांच्या घरांतली. घरातलीच म्हणायची, कारण शाळेत तिच्यावरून पोरांना इतकं चिडवलं जाई की एलादिओ उंबऱ्याबाहेर ती कधीच बोलला नाही. बाबा मात्र गायचे तर त्याच भाषेत. टेप परत आल्यावर ते एवढंच म्हणाले की गाणाऱ्यानं दारोदार जायचं नसतं, त्याला बोलावणं यावं लागतं.

तेओफिलाला प्रश्न पडला तो इथं. बोलावणं येतं म्हणजे येतं कुठून? गाणारा आहे हेच कुणाला ठाऊक नसेल तर बोलावणार कोण, आणि कुणाला? ती शर्टांच्या कारखान्यात शिलाई मशिनवर बसायची. जेवणाच्या सुट्टीत ती रेडिओ केंद्रावर गेली. आमचं गाणं लावा असं ती म्हणालीच नाही. ती निवेदकाला म्हणाली, तुम्ही कुठलं गाणं लावायचं हे ठरवता कसं, तेवढं सांगा. त्या माणसाला आजवर असं कुणी विचारलं नव्हतं. तो खुशीत आला आणि सांगत सुटला. लोक फोन करून जे मागतात ते तो लावायचा. लोक मागायचे ते रविवारी पिकोवर, म्हणजे मैदानातल्या मोठ्या ध्वनिक्षेपकांवर, ज्याच्यावर नाचून आलेले असत ते. मग ती कंपनीच्या इथल्या कचेरीत गेली आणि तिथल्या कारकुनालाही तेच विचारलं. तो म्हणाला, लोंदोन्योसाहेब कार्निव्हलच्या आधी इकडे येतात तेव्हा रेडिओवर जातच नाहीत. बीअरची बाटली घेऊन पिकोजवळ उभे राहतात आणि लोकांचे पाय बघतात.

म्हणजे दोरीचं टोक पिकोवाल्याच्या हातात होतं. कपाटापेक्षा उंच, चित्रं रंगवलेले ते ध्वनिक्षेपक ज्याच्या मालकीचे, त्यानं एक तबकडी लावली की सगळी वस्ती त्या आठवड्यात तेच गुणगुणणार. पण पिकोवाल्याला हवं असायचं ते दुसऱ्या कुठल्याही पिकोवाल्याकडे नसलेलं गाणं. त्यासाठी बोटीवरच्या खलाशांकडून आफ्रिकेतल्या तबकड्या मागवल्या जात, आणि हाती लागली की पहिलं काम म्हणजे वरचा कागद खरवडून टाकायचा, म्हणजे शेजारच्या पिकोवाल्यानं कितीही डोळे ताणले तरी त्याला नाव कळू नये. सिप्रियानोकाका अनेक वर्षं मालवाहू बोटीवर आचारी होते. पाठीनं दगा दिल्यावर बोट सुटली, पण खलाशांची ओळख राहिली. वस्तीतल्या निम्म्या पिकोंना तबकड्या पुरवायचे ते तेच. तेओफिलानं जे कळलं ते सगळं काकांच्या कानावर घातलं. मग ओळखीच्या माणसाकडून त्यांनी टेपवरचं एक गाणं तबकडीवर कापून घेतलं. एकच प्रत.

“लोकांना वाटेल हे आफ्रिकेतलं आहे,” एलादिओ म्हणाला. त्याचे डोळे चमकत होते. “ज्या भाषेला हसतात तिच्यावरच नाचतील.”

आईला ते पटलं नव्हतं. तिचं म्हणणं, नाचले तरी आपल्याला काय? कौतुक होईल ते कुणा परक्याचं. काकांनी समजावलं की आधी गाणं लोकांच्या पायात तर जाऊ दे, नाव मागाहून सांगता येईल. बाबा ऐकत होते. त्यांच्यापुढचं सांकोचो निवून त्यावर साय धरली.

शेवटी ते म्हणाले, “खोटं बोलायचं नाही. कुणी विचारलं, हे कुणाचं गाणं, तर खरं सांगायचं. विचारलंच नाही तर गप्प राहायचं. आणि तेओ बरोबर जाईल. तुझ्यावर माझा भरवसा नाही, सिप्रियानो.”

काका हसले. पण तेओफिलाला दिसलं की ते बोलणं त्यांना लागलं होतं.

*

ओस्वाल्दोशेठच्या पिकोवर भल्यामोठ्या जबड्याची निळी सुसर रंगवलेली होती, म्हणून सगळे त्याला निळी सुसरच म्हणत. ती अंगणात ताडपत्रीखाली उभी होती. शेठ स्वतः बुटके, शांत, बनियनवर बसलेले. त्यांनी तबकडी हातात घेतली, तळव्यावर तोलली, कडेवरून अंगठा फिरवला. मग लावली.

सुरुवातीला बाबांची हाक होती, दलदलीत चुकलेल्या गाईला घालतात तशी, लांबवलेली आणि शेवटी वर चढणारी. मागून ढोल आले, एलादिओचा आणि खालच्या सुरातला काकांचा. मग बाबा ‘न्गोंबे’ म्हणाले, म्हणजे गाय, आणि आईनं त्याला उत्तर दिलं. शेठ डोळे मिटून ऐकत होते. आईचा आवाज आला तेव्हा त्यांनी एक डोळा उघडला आणि तेओफिलाकडे पाहिलं.

तिला वाटलं, आता विचारणार, आणि विचारलं तर सांगायचं कबूल केलेलं. काकांनी घाईघाईनं सुरुवात केली, “हा माल कुठून आला म्हणाल शेठ, तर...”

“नका सांगू,” शेठ म्हणाले. “मला ठाऊकच नसलं म्हणजे माझ्या तोंडून जाणार नाही.”

परत येताना काका शीळ घालत होते. तेओफिलाला सुटल्यासारखं वाटलं, आणि थोडं फसल्यासारखंही. बाबांची अट पाळली गेली होती, पण ती अशी पाळली जावी हे बाबांच्या मनात नक्कीच नव्हतं.

गाणं लागलं आणि रुजलं. कारखान्यात शेजारच्या मशिनवरची रुबिएला एक दिवस शिवता शिवता गुणगुणायला लागली, “गोमेस, हाय गोमेस.” तेओफिलाचा दोरा तुटला. तिनं साळसूदपणे विचारलं, हा गोमेस कोण? रुबिएलाला खात्रीनं माहीत होतं. बायकोला सोडून समुद्रापार गेलेला एक माणूस, आणि बायको त्याला हाका मारते. पलीकडच्या रांगेतली म्हणाली, छे, गोमेस हा राजा आहे. इस्त्रीवाल्याच्या मते तो एक प्रसिद्ध चोर होता. तेओफिलानं प्रत्येकाला खोदून खोदून विचारलं. तिला त्यात इतका रस वाटायला लागला की आपण हे कशासाठी विचारतोय हेही ती विसरली. एका गाईचा राजा होतो, चोर होतो, नवरा होतो, आणि ऐकणाऱ्याला एकदाही शंका येत नाही.

घरी तिनं हे सांगितलं तेव्हा आई हसून हसून खाली बसली. बाबा हसले नाहीत.

“कोण हा गोमेस?” त्यांनी विचारलं, जणू तो माणूस त्यांच्या कुरणात शिरला होता.

पण पुढच्या रविवारी दुपारी ते टोपी घालून बाहेर पडले आणि कुठं चाललो ते सांगितलं नाही. तेओफिला अंतर ठेवून मागोमाग गेली. ते नाचाच्या मैदानात शिरले नाहीत. बाहेर कुंपणाच्या वेळूंना धरून उभे राहिले. गाणं लागलं तेव्हा आतले लोक हात वर करून ‘गोमेस’ ओरडले. बाबा मान किंचित कलती करून ऐकत होते. दुसऱ्या कुणाचं तरी गाणं पहिल्यांदा ऐकावं तसे.

*

बातमी काकांनीच आणली. आल्या आल्या दारातच बसले आणि पाणी मागितलं.

लोंदोन्योसाहेब शहरात आले होते. त्यांनी गाणं ऐकलं होतं. ओस्वाल्दोशेठकडे जाऊन हे कुणाचं म्हणून विचारलंही होतं, आणि शेठनी खांदे उडवले होते. तर आता साहेब येत्या रविवारी एका बँडमास्तरला घेऊन येणार होते. मास्तर चाल उतरवून घेणार, वर स्पॅनिश शब्द बसवणार, आणि कार्निव्हलआधी कंपनीच्या बँडकडून ते गाणं बाजारात येणार. गोमेस नावाच्या कुणा रंगेल गृहस्थावर.

एलादिओ उठूनच उभा राहिला. त्याचं म्हणणं सरळ होतं, आत्ताच्या आत्ता साहेबांकडे जायचं आणि सांगायचं. टेप त्यांच्याच कचेरीतून परत आली आहे, याहून मोठा पुरावा कुठला हवा?

काका म्हणाले, “आणि माझं? मी आफ्रिकेचा म्हणून आपल्याच मांगा मोहल्ल्यातला माल विकला हे कळलं, तर उद्यापासून एकही पिकोवाला मला दारात उभा करणार नाही. बोट गेली, आता हेही जाईल.”

“तुम्ही विकायला नव्हतं पाहिजे,” एलादिओ म्हणाला.

ज्या पुतण्यानं पात्याच्या वेळी सर्वांत आधी मान डोलावली होती, त्याच्याकडे काका बघतच राहिले. आई आता एलादिओच्या बाजूनं बोलायला लागली. माझा आवाज कुणी फुकटात उचलून न्यावा हे मला चालणार नाही, असं तिनं स्वच्छ सांगितलं. तेओफिलाला वाटलं, आता बाबा टेबलावर हात आपटतील आणि विषय संपेल.

बाबा म्हणाले, “राहू द्या.”

कुणालाच कळेना.

“सिप्रियानो म्हणतो ते बरोबर आहे. राहू द्या तसंच. लोक ऐकतायत ना?” ते हळू बोलत होते. “या गावात मी गायला उभा राहिलो की लोक आधी माझ्या भेगाळलेल्या पायांकडे बघतात. मग तोंडाकडे. मग पालेंकेचा आहे का विचारतात. गाण्याकडे येईस्तोवर त्यांचं ऐकायचं संपलेलं असतं. तिथं कुंपणाबाहेर उभं राहून मी बघितलं, कुणी काही बघत नाही, नुसतं ऐकतात. मला अजून थोडं ऐकू दे.”

आईनं डोळे पुसले आणि ती म्हणाली, “आणि तो मास्तर घेऊन गेला म्हणजे काय ऐकाल? गोमेस?”

ज्याला त्याला आपापलं बरोबर वाटत होतं आणि तेओफिलालाही प्रत्येकाचं थोडं थोडं बरोबर वाटत होतं. ती विचार करत राहिली की या सगळ्यात शब्द पाळला कुणी. साहेबांनी टेप नीट ऐकली नव्हती. निवेदक फोन येईल तसा वळत होता. ओस्वाल्दोशेठनी मात्र, नाव जाऊ देणार नाही म्हटलं आणि खरंच जाऊ दिलं नाही, समोर कंपनीचा माणूस उभा असतानाही. सांगायचं तर आधी त्यांना सांगायला हवं. त्यांच्या पाठीमागून साहेबांकडे जाणं तिला बरं वाटेना. हे ती घरात बोलली तेव्हा कुणी हो म्हणालं नाही आणि नाहीही म्हणालं नाही. काका पाणी तसंच ठेवून निघून गेले.

*

रविवारी वारा सुटला होता. कार्निव्हल जवळ आला की बारानकियात सुटतो तसा. आई मैदानाच्या दारापाशी कोकादांची, म्हणजे नारळाच्या वड्यांची, परात डोक्यावर घेऊन उभी होती. रविवारी तिचा धंदा तिथंच असे. बाबा कुंपणाबाहेर आपल्या जागी. एलादिओ आत, लोंदोन्योसाहेबांवर नजर ठेवून. साहेब उंच होते, पांढऱ्या सदऱ्यातले, आणि कारकुनानं सांगितलं होतं तसे खरोखरच लोकांचे पाय बघत होते. शेजारी बँडमास्तर गुडघ्यावर कागद घेऊन बसला होता.

तेओफिला निळ्या सुसरीच्या मागं गेली. तिथं तारांच्या जंजाळात ओस्वाल्दोशेठ तबकड्या पुसत होते. सिप्रियानोकाका त्यांच्याजवळच उभे होते. तिला पाहून त्यांनी डोळ्यांनीच नको म्हटलं. तिनं त्यांच्याकडे बघायचं टाळलं, नाहीतर तिला बोलता आलं नसतं.

तिनं सगळं सांगितलं. गाणं कुणाचं, भाषा कुठली, मागचा आवाज कुणाचा. तबकडी कुठं कापली तेही.

शेठनी पुसायचं फडकं घडी करून बाजूला ठेवलं.

“हातात घेतल्या घेतल्या कळलं होतं,” ते म्हणाले. “कारखान्यात दाबलेली तबकडी एवढी जड नसते. बोटीतून आलेला माल असा नसतो, सिप्रियानो.”

काकांचा चेहरा पडला. “मग घेतली कशाला?”

“गाणं चांगलं होतं. मला धास्ती एकच. हा गाणारा जवळपासच आहे म्हणजे आज ना उद्या दुसऱ्या पिकोवाल्याला सापडणार.” ते तेओफिलाकडे वळले. “सापडलाय?”

“नाही.”

“तबकडी घासत चालली आहे. नुसती खरखर येते आता. आणि तबकडी काय, दुसरीकडूनही कुणी मिळवेल. पण गाणारा माणूसच माझ्या पिकोवर उभा आहे, हे या शहरात दुसऱ्या कुणाकडे नाही. कुठं आहेत ते?”

तेओफिलानं कुंपणाकडे बोट दाखवलं. तिनं मागं वळून पाहिलं तेव्हा काका तिथं नव्हते. मैदानाच्या दुसऱ्या टोकाला, मघाशी सुसरीआडून सगळं ऐकून गेलेले दोन पिकोवाले त्यांना काहीतरी विचारत होते आणि हसत होते. काका मान खाली घालून त्यांच्यामधून निघून गेले.

बाबांना आणायला एलादिओ गेला. ते येईनात. मग शेठ स्वतः गेले, आणि काय बोलले ते कुणी ऐकलं नाही, पण बाबा टोपी हातात घेऊन आले. शेठनी त्यांना माइक दिला. तबकडी लावली नाही. ढोलावर एलादिओ बसला. काकांचा ढोल सांभाळणारं कुणी नव्हतं.

बाबांनी गाईला हाक घातली.

लोक थांबले. पुढच्या रांगेतल्या एका हिरव्या सदऱ्यातल्या माणसानं हात वर केला, तो जवळ आला आणि अगदी आदरानं म्हणाला, “आजोबा, चाल बरोबर आहे, पण शब्द चुकतोय तुमचा. गोमेस. गोमेस म्हणायचं.”

आजूबाजूला हशा पिकला. बाबांनी त्याच्याकडे पाहिलं, मग आपल्या पायांकडे. तेओफिलाला वाटलं, आता ते माइक खाली ठेवतात. तेवढ्यात दाराकडून आईचं उत्तर आलं. माइकशिवाय, परात डोक्यावर तशीच, नेहमी घरात येई तसं, किंचित उशिरा आणि पूर्ण खात्रीनं. इतके दिवस लोकांच्या कानात बसलेला तोच आवाज. माना वळल्या. जिच्याकडून कित्येक वर्षं कोकादा घेऊन खाल्ल्या होत्या त्या बाईकडे सगळे बघत राहिले.

“न्गोंबे,” बाबा माइकमध्ये म्हणाले, त्या माणसाला उद्देशून. “गाय. माझी गाय होती ती.”

हिरव्या सदऱ्यातल्यानं तो शब्द पुटपुटून बघितला. मग मोठ्यानं म्हटला. मागच्यांनी उचलला. सगळ्यांना जमला नाही. काहीजण गोमेसच म्हणत राहिले आणि पुढंही म्हणत राहणार होते. पण नाचले सगळे.

गाणं संपल्यावर लोंदोन्योसाहेब वाट काढत आले. बँडमास्तरनं कागद खिशात घातला होता. साहेबांनी बाबांचा हात हातात घेतला आणि ते भराभर बोलायला लागले. गाणं कंपनी काढेल, याच आवाजात, याच भाषेत, अकॉर्डियन नको. फक्त एक विनंती. लोकांना जे दूरचं, गूढ वाटलं ते तसंच ठेवू. कव्हरवर आफ्रिकेतलं एखादं छानसं नाव घालू. टेपची त्यांना आठवणही नव्हती. एलादिओ तोंड उघडणार इतक्यात तेओफिलानं त्याचा दंड धरला.

“साहेब,” बाबा म्हणाले, “एका गाण्यावरून नाव ठरवू नका. घरी या. बाकीची ऐका. मग बोलू.”

*

तेओफिला काकांच्या खोलीवर गेली होती. दार आतून बंद होतं. शेजारीण म्हणाली, आहेत आत, पण त्या दिवसापासून कुणाशी बोलत नाहीत. पिकोवाल्यांनी त्यांचं नाव गोमेस पाडलं होतं. रस्त्यातून गेले की हाका मारायचे. तेओफिलानं दाराला तोंड लावून सांगितलं की साहेब घरी येणार आहेत, आणि मला प्रश्न विचारता येतात, पण अशा माणसाशी बोलणी कशी करतात ते मला येत नाही. ते तुम्हालाच येतं. ती थोडी थांबली आणि परत आली.

साहेब आले. अंगणात त्यांना खुर्ची दिली, आईनं त्यांच्यापुढं ताटली ठेवली. ते मनगटावरच्या घड्याळाकडे बघत बसले, पण तिसऱ्या गाण्यानंतर बघेनासे झाले. बाबा मन लावून गात होते. तरी घरातल्या सगळ्यांना ऐकू येत होतं की काहीतरी कमी आहे. खालचा ढोल नव्हता. तो काकांचा. एलादिओ दोन्ही सांभाळायला बघत होता आणि त्याला ते झेपत नव्हतं. बाबांनी एकदा बाकावरच्या आपल्या शेजारच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं आणि पुढचं गाणं सुरू केलं.

ते मध्यावर आलं तेव्हा फाटक वाजलं. सिप्रियानोकाका इस्त्रीच्या सदऱ्यात उभे होते. दाढी केलेली. कुणाकडे न बघता त्यांनी भिंतीशी ठेवलेला ढोल उचलला.

लोंदोन्योसाहेब तेओफिलाकडे झुकले आणि हलक्या आवाजात म्हणाले, “हे कोण?”

“माझे काका, सिप्रियानो साल्गादो,” ती म्हणाली. “आमचं गाणं यांनीच बाहेर नेलं. तुमच्यापर्यंतही यांच्यामुळेच आलं. नाव, कव्हर, करार, जे काय बोलायचं असेल ते यांच्याशी बोला. आमच्या वतीनं हेच बोलतात.”

काकांनी ते ऐकलं. ते ढोल घेऊन तसेच उभे राहिले आणि बाबांकडे बघू लागले. बाबांनी गाणं थांबवलं नाही, मानही वर केली नाही. फक्त बाकावर थोडे सरकले.

काका बसले. ढोल मांड्यांमध्ये घट्ट धरला.

“बोलू आपण, साहेब,” ते म्हणाले. “आधी हे संपू द्या.”